बायोसचा पासवर्ड माहीत नाही, आता लॅपटॉप उघडायचा कसा?



दोन वर्षांपूर्वी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने त्याच्या कंपनीतले तीन जुने लॅपटॉप शाळेला मिळवून दिले. काळे, जाडजूड थिंकपॅड. दिसायला अगदी साधे, पण दणकट. त्यांतला एक स्टाफरूममध्ये असतो. दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे गुण भरायचे दिवस आले आणि नेमका तेव्हाच तो रखडत चालायला लागला. आमचे एक तरुण सर या कामात हौशी आहेत. त्यांनी रॅमची एक पट्टी मागवली, शनिवारी शाळा सुटल्यावर लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं, पट्टी बसवली, झाकण लावलं आणि बटण दाबलं.

विंडोज आलंच नाही. काळ्या पडद्यावर कुलपाचं छोटं चित्र आणि एक रिकामी चौकट. पासवर्ड द्या!

कुठला पासवर्ड? आम्ही तर कधी टाकलाच नव्हता. दोन वर्षं हाच लॅपटॉप रोज उघडत होतो, विंडोजचा चार आकडी पिन टाकत होतो, काम करत होतो. पिन टाकून पाहिला, शाळेचं नाव टाकून पाहिलं, काही उपयोग नाही. गुणांची फाइल त्यात आणि मंगळवारी गुण द्यायचे. त्या सरांचा चेहरा मला अजून आठवतो. पट्टी परत काढली तरी चौकट तशीच!

त्या तीन दिवसांत जे शिकलो ते इथे लिहितो आहे. हल्ली कितीतरी शाळांमध्ये आणि घरांमध्ये कंपन्यांतून निघालेले असे लॅपटॉप येतात. देणगी म्हणून येतात, नाहीतर स्वस्त मिळाले म्हणून आपण विकत घेतो. ही अडचण कुणाच्याही दारात येऊ शकते.

आधी कुलूप कुठलं आहे ते ओळखा

लॅपटॉपला एकच पासवर्ड असतो असा आपला समज असतो. शाळेचंच उदाहरण घेऊ. शाळेला मुख्य फाटक असतं, आत वर्गाला दार असतं आणि वर्गात कपाट असतं. तिन्हींना वेगवेगळी कुलपं. वर्गाची किल्ली फाटकाला लागत नाही.

विंडोजचा पासवर्ड किंवा पिन म्हणजे वर्गाच्या दाराचं कुलूप. विंडोजचा निळा-रंगीत पडदा दिसल्यानंतर जो विचारला जातो तो हा. तो विसरला तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून बहुधा बदलता येतो. त्यात फार घाबरण्यासारखं काही नाही.

फाटकाचं कुलूप म्हणजे बायोसचा पासवर्ड. बटण दाबल्याबरोबर, विंडोजच्या कितीतरी आधी, मदरबोर्डवरच्या एका चिपमधला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो कीबोर्ड, रॅम, डिस्क तपासतो आणि मग विंडोजला हाक मारतो. हा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. त्याचं जुनं नाव बायोस, नव्या यंत्रांत तो यूईएफआय असतो. बोलताना सगळे बायोसच म्हणतात. इथला पासवर्डही दोन तऱ्हांचा असतो. एक पॉवर-ऑन पासवर्ड, तो दिल्याशिवाय यंत्र पुढेच सरकत नाही. दुसरा सुपरवायझर पासवर्ड. काही कंपन्या त्याला ॲडमिन किंवा सेटअप पासवर्ड म्हणतात. तो एरवी दिसतही नाही. बायोसच्या सेटिंगमध्ये शिरायला गेलात तरच तो आडवा येतो. आमचा हाच होता. म्हणून दोन वर्षं आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

तिसरं कुलूप कपाटाचं, म्हणजे डिस्कचा स्वतःचा पासवर्ड. हा डिस्कमध्येच राहतो. ती काढून दुसऱ्या यंत्राला लावली तरी कुलूप तिच्याबरोबर जातं. हा विसरला तर लेनोव्हो आपल्या पुस्तिकेत सरळ सांगते की पासवर्डही काढता येणार नाही आणि माहितीही परत मिळणार नाही, डिस्कच बदलावी लागेल.

मग शनिवारीच का अडलं?

याचं उत्तर शोधायला आम्हाला अर्धा रविवार लागला. बऱ्याच थिंकपॅडच्या बायोसमध्ये एक सोय असते : खालचं झाकण कुणी उघडलं तर त्याची नोंद घेणं. कंपनीने ती चालू केलेली असेल आणि सुपरवायझर पासवर्डही घातलेला असेल, तर झाकण उघडल्यानंतर यंत्र आधी तो पासवर्ड मागतं, मगच पुढे जातं. हेतू उघड आहे. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये कुणी परस्पर काही बदललं तर ते कळलं पाहिजे. आमच्या सरांची काही चूक नव्हती. यंत्राच्या दृष्टीने मात्र ते अनोळखी माणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन आलेले होते.

यातून निघणारी सूचना लगेच सांगून टाकतो, कारण ती सगळ्यात उपयोगी आहे. कंपनीतून आलेला लॅपटॉप उघडण्यापूर्वी एकदा बायोसमध्ये शिरून पाहा. यंत्र सुरू होताना थिंकपॅडला एफ-१, डेलच्या लॅपटॉपला एफ-२ आणि एचपीला एफ-१० ही कळ दाबायची. पासवर्ड न विचारता आत गेलात तर ठीक. विचारला तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा आणि आधी पासवर्डाचं बघा.

सेल काढण्याचा सल्ला

रविवारी ज्याला ज्याला फोन केला त्याने एकच सांगितलं : 'आतला बटणाएवढा सेल काढा, पंधरा मिनिटं थांबा, परत लावा, पासवर्ड जातो.' व्हिडिओंमध्येही हेच. हा सल्ला खोटा नाही, पण जुना आहे.

१९८४ साली आयबीएमचा 'पीसी एटी' आला. त्यात घड्याळाच्या चिपमध्येच ६४ बाइटची छोटीशी स्मृती होती, आणि वीज बंद असताना ती एका बॅटरीवर जिवंत राहायची. तारीख, वेळ, डिस्कचा प्रकार असं सगळं त्यात. पुढे अनेक डेस्कटॉपांत पासवर्डसुद्धा अशाच स्मृतीत ठेवला जाऊ लागला. साहजिकच बॅटरी काढली की स्मृती पुसली आणि पासवर्डही गेला. आपल्या संगणक कक्षातल्या जुन्या डेस्कटॉपवर हा उपाय चालल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

ऑफिससाठी बनवलेल्या लॅपटॉपमध्ये मात्र पासवर्ड अशा चिपमध्ये असतो जिला लक्षात ठेवायला वीज लागतच नाही. पेन ड्राइव्ह खिशात ठेवला तरी त्यातल्या फाइली जातात का? तसंच. सेल काढून फक्त घड्याळ विस्कटतं. आणि इथे खरी गंमत आहे (आमच्यासाठी ती गंमत नव्हती). तारीख-वेळ चुकली की यंत्र तक्रार करतं आणि ती दुरुस्त करायला बायोसमध्ये पाठवतं. तिथे पुन्हा सुपरवायझर पासवर्ड. म्हणजे जो लॅपटॉप सुपरवायझर पासवर्ड असूनही नीट सुरू होत होता, तो सेल काढल्यामुळे दारातच अडकू शकतो. सुदैवाने आमच्याकडे तोपर्यंत परत झाकण उघडायची कुणाची हिंमत उरली नव्हती.

माहिती अडकली आहे का?

सोमवारी सकाळी मुख्याध्यापकांनी योग्य प्रश्न विचारला. 'लॅपटॉप राहू दे, गुण मिळतील का?'

इथे फाटक आणि कपाट यांतला फरक कामी आला. बायोसचा पासवर्ड यंत्र अडवतो. डिस्कवरची माहिती तो झाकून ठेवत नाही. डिस्कला स्वतःचा पासवर्ड नसेल आणि तिच्यावरची माहिती विंडोजने सांकेतिक करून ठेवलेली नसेल, तर डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की फाइली दिसतात. झाकण तर आधीच उघडून झालं होतं, आता आणखी काय बिघडणार! बॅटरी आणि चार्जर काढून एसएसडी बाहेर घेतली. ती पोळपाटावरच्या शंकरपाळ्यापेक्षा जरा लांब अशी पट्टी असते. तिला यूएसबीने जोडायची डबी बाजारात मिळते. फक्त एक लक्षात ठेवा. सारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांत साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असतात आणि डबी त्या प्रकाराची लागते. दुकानात जाताना पट्टीच्या लेबलचा फोटो घेऊन जा, म्हणजे दोन खेपा होणार नाहीत. आमच्या झाल्या.

डबी संगणक कक्षातल्या डेस्कटॉपला लावली आणि गुणांची फाइल समोर आली. स्टाफरूममध्ये चक्क टाळ्या पडल्या. गुण वेळेत गेले.

पण हे सगळ्यांच्या बाबतीत इतकं सोपं होणार नाही, हे आवर्जून सांगायला हवं. विंडोजमध्ये बिटलॉकर नावाची सोय आहे, ती डिस्कवरची माहिती सांकेतिक करून ठेवते. विंडोज ११ असलेल्या पुष्कळ लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की हे कुलूप आपोआप लागतं आणि आपल्या लक्षातही येत नाही. अशी डिस्क दुसरीकडे जोडली तर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. मदरबोर्ड बदलला तरी मागते, कारण रोजची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपच्या ताब्यात असते. ही ४८ आकडी की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं होतं त्या खात्यात साठवलेली असते. म्हणून आत्ता, लॅपटॉप धडधाकट असतानाच, त्या खात्यात जाऊन की कागदावर उतरवून ठेवा. खातं कुणाचं आहे हेही बघा. शाळांमध्ये ते बऱ्याचदा बदली होऊन गेलेल्या एखाद्या सरांचं असतं!

आता यंत्राचं काय?

गुण सुटले, लॅपटॉप राहिला. लेनोव्होचं म्हणणं स्पष्ट आहे : सुपरवायझर पासवर्ड विसरला तर तो काढण्याची कुठलीही पद्धत सेवा केंद्राकडेसुद्धा नाही. मदरबोर्डच बदलावा लागतो. त्यासाठी खरेदीचा पुरावा लागतो आणि खर्च आपला. जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत हा खर्च त्याच्या बाजारभावाच्या जवळ जातो, कधी वरही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. पण नीट विचार केल्यावर पटलं. सेवा केंद्रात पासवर्ड काढून मिळत असता तर चोरलेला लॅपटॉप घेऊन येणाऱ्यालाही तो मिळाला असता.

इतर कंपन्यांची रीत थोडी वेगळी आहे. डेलच्या लॅपटॉपवर चुकीचा पासवर्ड दिला की पडद्यावर सर्व्हिस टॅग आणि त्याला जोडून चार अक्षरांचा संकेत दिसतो. मालकी पटवून दिली तर डेलचं मदत केंद्र त्यावरून सुटकेचा पासवर्ड देऊ शकतं. मात्र आधीच्या मालकाने ही वाट बायोसमधूनच बंद केलेली असेल तर तेही नाही. यंत्र दुसऱ्याकडून घेतलेलं असेल तर आधी डेलकडे मालकी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. इंटेल प्रोसेसरच्या जुन्या मॅकबुकला फर्मवेअर पासवर्ड असेल तर ॲपल मूळ पावती घेऊन प्रत्यक्ष यायला सांगते. पाहिलंत ना, सगळीकडे पहिला प्रश्न एकच आहे. हे यंत्र तुमचं आहे हे दाखवा.

बाजारात याहून वेगळी उत्तरंही मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही मोठ्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात चिप काढून, वाचून, पुन्हा लिहून देणारे कारागीर असतात. त्यांच्या हातातल्या कौशल्याबद्दल मला आदरच आहे. पण शाळेच्या यंत्राबाबत मी तो रस्ता धरला नाही. चिपवर चुकीचं काही लिहिलं गेलं तर यंत्र कायमचं गप्प होतं, आणि त्यात साठवलेला अनुक्रमांक पुसला गेला तर पुढे मालकी दाखवणं आणखी अवघड. शिवाय पासवर्ड शोधून देतो म्हणणारे प्रोग्रॅम इंटरनेटवरून उतरवून शाळेच्या दुसऱ्या संगणकावर चालवायचे, म्हणजे एक कुलूप काढायला दहा खिडक्या उघड्या टाकायच्या.

आमच्याकडे सोपा रस्ता होता, फक्त सुचायला सोमवार दुपार उजाडली. पासवर्ड आम्ही घातला नव्हता, मग घातला कुणी? ज्या कंपनीने यंत्र दिलं तिच्या संगणक विभागाने. कंपन्या शेकडो लॅपटॉप एकदम घेतात, सगळ्यांना सुपरवायझर पासवर्ड घालतात आणि त्याची नोंद ठेवतात. यंत्र देऊन टाकताना डिस्क पुसायचं लक्षात राहतं, हा पासवर्ड काढायचं राहून जातं. माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, 'सर, शाळेच्या ईमेलवरून एक पत्र पाठवा, देणगीपत्राची प्रत जोडा आणि तिन्ही लॅपटॉपचे सिरियल नंबर लिहा. मी त्या विभागाशी बोलतो.'

देणगीपत्र फाइलला होतं. सिरियल नंबरसाठी डेडस्टॉक रजिस्टर काढलं. त्यात आमच्याच अक्षरात नोंद होती : 'लॅपटॉप, जुने, ३ नग.' बस्स! नशीब की लॅपटॉपच्या पोटावरचा स्टिकर शाबूत होता.

दुसऱ्या दिवशी त्या विभागातल्या बाईंचा फोन आला. त्यांनी पासवर्ड तोंडी सांगितला, मी कागदावर लिहिला, टाकला. चुकला. पुन्हा चुकला. चारदा चुकल्यावर पडद्यावर ०१९९ क्रमांकाची चूक आली, म्हणजे पासवर्ड फार वेळा चुकला. छातीत धस्स झालं, पण ती सूचना योग्य पासवर्ड दिला की निघून जाते. 'सर, तिसरं अक्षर शून्य आहे, ओ नाही,' बाई शांतपणे म्हणाल्या. शून्य टाकलं आणि आत गेलो.

असा पासवर्ड मिळाला आणि तरी चालला नाही, तर तो चूक ठरवण्यापूर्वी कीबोर्ड तपासा. कॅप्स लॉक आणि नम लॉक बघा. एखादी कळ दाबली जात नसेल तर यूएसबीचा कीबोर्ड थेट लॅपटॉपला जोडून टाकून बघा. बायोसमध्ये टाकलेली अक्षरं दिसत नाहीत, नुसते ठिपके दिसतात. त्यामुळे मुकी कळ लवकर लक्षात येत नाही.

आत गेल्यावर सिक्युरिटी, मग पासवर्ड, मग सुपरवायझर पासवर्ड अशी वाट. जुना पासवर्ड द्यायचा, नव्याच्या जागी काहीच न लिहिता दोनदा एंटर दाबायचं, आणि एफ-१० ने जतन करून बाहेर यायचं. पासवर्ड गेला. रॅमची पट्टी परत बसवली, लॅपटॉप आता छान चालतो.

पालकांसाठी थोडं

हा अनुभव पालक सभेत सांगितला तेव्हा दोघा पालकांनी नंतर थांबवून वेगळीच गोष्ट सांगितली. एकांनी मुलाचे रात्रीचे गेम बंद करायला लॅपटॉपला बायोसचा पासवर्ड घातला होता आणि परीक्षा संपेपर्यंत स्वतःच विसरले. दुसऱ्या घरात मुलानेच बहिणीला हात लावू द्यायचा नाही म्हणून घातला होता. मुलांच्या वेळेवर लक्ष ठेवायला हे हत्यार वापरू नका. त्यासाठी विंडोजमध्ये मुलाचं वेगळं खातं उघडून वेळ ठरवून देता येते. ते खातं बिघडलं तरी लॅपटॉप हातचा जात नाही.

जुना लॅपटॉप विकत घेणार असाल तर दुकानातच दोन गोष्टी करा. एफ-१, एफ-२, एफ-१० यांपैकी जी कळ असेल ती दाबून बायोसमध्ये शिरून बघा. मग इंटरनेट जोडून विंडोज नव्याने टाकायला सांगा. नव्या विंडोजवर एखाद्या कंपनीच्या नावाचा साइन-इन पडदा आला, तर ते यंत्र विंडोज ऑटोपायलटमध्ये अजून त्या कंपनीच्या नावावर आहे. बायोस उघडा असला तरी ते घेऊ नका. आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. दुकानदार कुरकुर करेल, करू दे.

आम्ही बाकीचे दोन लॅपटॉपही त्याच आठवड्यात तपासले. दोन्हींना तोच पासवर्ड होता. स्टाफरूममधल्याचा काढून टाकलेलाच आहे. संगणक कक्षातल्या या दोघांना मात्र मुद्दाम नवा घातला, कारण मुलं सेटिंगमध्ये शिरून काय काय करतात ते तुम्हाला सांगायला नको. तो कागदावर, शून्याला तिरपी रेघ मारून लिहिला आणि पाकीट बंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवलं. एकाचा स्टिकर पार पुसट झाला होता, पण बायोसच्या पहिल्याच पानावर सिरियल नंबर असतो, तिथून उतरवला. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये आता '३ नग' खोडून तीन वेगळ्या ओळी आहेत, मुख्याध्यापकांच्या सहीसकट.